हिराबाई बडोदेकर : स्त्रीचे जाहीर गायन आणि भक्तिगीताची भूमिका – एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात स्त्रीच्या गायनाला खासगी बैठकीतून जाहीर सभागृहात आणण्याचे कार्य ज्या गायिकांनी केले, त्यांत हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९) यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. प्रस्तुत निबंधात त्यांच्या जीवनाचा व कारकिर्दीचा सामाजिक इतिहासाच्या अंगाने विचार केला आहे. मधुर आवाज आणि किराणा घराण्याची तालीम एवढ्यावरच त्यांच्या यशाची उपपत्ती लागत नाही. गाण्याची जागा, श्रोत्याशी असलेले नाते, गायिकेची बसण्याची रीत आणि मैफलीतील गीतप्रकारांची मांडणी या चारही गोष्टी त्यांच्या कारकिर्दीत बदलल्या. या बदलात भजनाने महत्त्वाचा वाटा उचलला, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

महत्त्वाच्या संज्ञा : किराणा घराणे, जलसा, बैठक, भजन, प्रतिष्ठा, गॉस्पेल.

प्रस्तावना

संगीताचा इतिहास आपल्याकडे बहुधा घराण्यांचा आणि गुरुशिष्य परंपरेचा इतिहास म्हणून लिहिला गेला. कोणी कोणाकडून तालीम घेतली, कोणत्या रागात कोणाचा हातखंडा होता, अशा तपशिलांनी तो समृद्ध आहे. परंतु गाणारी व्यक्ती स्त्री असेल तर तिला कोठे बसून गाता येत होते, समोर कोण बसत होते, बिदागी कोण देत होते आणि दुसऱ्या दिवशी समाज तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहत होता, हे प्रश्न या इतिहासात क्वचितच विचारले गेले. हिराबाईंवर मराठीत आदराने पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र त्यातील बरेचसे लेखन गुणगौरवाच्या वळणाचे आहे. त्यांचे मोठेपण मान्य करूनच त्यामागील सामाजिक घडण तपासणे, हा या निबंधाचा हेतू आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) हिराबाईंच्या कारकिर्दीतील महत्त्वाच्या टप्प्यांचा मागोवा घेणे, (२) स्त्रीच्या जाहीर गायनाला प्रतिष्ठा मिळण्याची प्रक्रिया समजून घेणे, (३) त्या प्रक्रियेत भक्तिगीताने बजावलेली भूमिका स्पष्ट करणे, (४) या प्रतिष्ठेच्या मर्यादा नोंदविणे. यासाठी वर्णनात्मक व तुलनात्मक अशा दोन्ही पद्धतींचा अवलंब केला आहे.

पार्श्वभूमी : गाणे मान्य, गाणारी अमान्य

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील मध्यमवर्गाला संगीताची ओढ लागली होती. १८७४ मध्ये पुण्यात गायन समाजाची स्थापना झाली. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले व १८८२ मध्ये ‘सौभद्र’. पुढे विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि १९०८ मध्ये त्याची शाखा मुंबईत सुरू झाली. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९१६ मध्ये बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. संगीत हे सुसंस्कृत माणसाचे लक्षण आहे, ही भावना या सर्व प्रयत्नांनी रुजविली.

असे असूनही स्त्रीच्या बाबतीत समाजाचा व्यवहार दुटप्पी राहिला. रंगभूमीवरील नायिकेचे पद ऐकण्यास कुटुंबवत्सल प्रेक्षक गर्दी करीत. मात्र ती नायिका पुरुष नट साकारीत असे. प्रत्यक्ष स्त्रीचे कसलेले गाणे ऐकावयाचे तर ते कलावंतिणीच्या दिवाणखान्यात, संस्थानिकाच्या दरबारात किंवा धनिकाच्या खासगी बैठकीत ऐकावे लागे. १९०२ मध्ये कलकत्त्यास ग्रामोफोनसाठी प्रारंभीचे ध्वनिमुद्रण करणाऱ्या गौहरजान, मुंबईत कीर्ती मिळविलेल्या अंजनीबाई मालपेकर, गोमंतकातून आलेल्या केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांनी ही विद्या अपार कष्टाने जोपासली व वाढविली. त्यांच्या विद्येबद्दल कोणासही शंका नव्हती. समाज अडखळत होता तो त्यांच्या जन्माशी आणि राहणीशी.

घर, घराणे आणि नाव

हिराबाईंचा जन्म मे १९०५ मध्ये मिरज येथे झाला. वडील उस्ताद अब्दुल करीम खाँ हे किराणा घराण्याचे थोर गायक. आई ताराबाई माने या बडोदे संस्थानातील एका मराठा सरदार घराण्यातल्या. बडोद्याच्या दरबारात असताना खाँसाहेबांची व ताराबाईंची भेट झाली. दोघांच्या सहजीवनाला घराण्याचा विरोध होता. त्यामुळे त्यांना बडोदे सोडावे लागले. मुंबई, मिरज, बेळगाव, पुणे असा या कुटुंबाचा प्रवास झाला. खाँसाहेबांनी आर्य संगीत विद्यालय काढून जाहीर जलशांद्वारे विद्यादानाचा प्रपंच चालविला. अर्थात जाहीर जलसा ही गोष्ट हिराबाईंनी लहानपणी घरातच पाहिली होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मुले लहान असतानाच ताराबाई खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या आणि पाचही मुलांना घेऊन स्वतंत्र राहू लागल्या. त्यानंतर मुलांची नावे बदलली. अब्दुल रहमान हे सुरेशबाबू माने झाले, चंपाकली ही हिराबाई झाली, सकीना ही सरस्वती झाली. हिराबाईंनी लावलेले ‘बडोदेकर’ हे आडनाव ना वडिलांचे, ना आईच्या माहेरचे. ते गावावरून आलेले. घरात मात्र त्या अखेरपर्यंत ‘चंपूताई’च राहिल्या.

या नामांतराकडे केवळ कौटुंबिक घटना म्हणून पाहता येणार नाही. एकट्या स्त्रीने पाच मुलांना घेऊन पुण्यामुंबईच्या मध्यमवर्गीय वस्तीत राहावयाचे, तर आधी नावाचा प्रश्न सोडवावा लागत होता. गाण्याची विद्या वडिलांच्या घराण्याची आणि समाजात वावरण्याचे नाव आईने दिलेले, अशा दुहेरी वारशातून हिराबाईंचे व्यक्तिमत्त्व घडले. वडिलांपासून दुरावल्यानंतरही त्यांनी किराणा घराण्याची कास सोडली नाही. थोरले बंधू सुरेशबाबू आणि खाँसाहेबांचे नातलग उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून त्यांना तालीम मिळाली. वहीद खाँ विलंबित लयीत एकेका स्वराची सावकाश बढत करण्यासाठी विख्यात होते. स्वराला प्राधान्य देणारी, आक्रमकता टाळणारी ही गायकी हिराबाईंच्या गळ्याला मानवली. त्यांचे कर्तृत्व पाहताना ताराबाईंच्या धैर्याचा विसर पडू नये. मुलींनी गावे की नाही, गावे तर कोठे गावे, याचे निर्णय त्या घरात एका स्त्रीने घेतले.

बैठकीतून सभागृहात

पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयाच्या मुंबईतील व्यासपीठावर हिराबाई कोवळ्या वयातच गायिल्या. त्या काळातील सर्वांत प्रतिष्ठित सांगीतिक संस्थेने एका मुलीला श्रोत्यांपुढे बसविले, याला महत्त्व आहे. त्यानंतर विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तिकीट लावून जाहीर जलसे करणारी गायिका म्हणून हिराबाई पुढे आल्या.

तिकीट ही वरवर पाहता किरकोळ बाब वाटते. परंतु गायिका व श्रोता यांचे नाते तिने मुळापासून बदलले. खासगी बैठकीत यजमान हा आश्रयदाता असे. गायिकेला कोणी बोलवावयाचे, काय गावयास सांगावयाचे, किती वेळ बसवावयाचे व काय द्यावयाचे, हे तो ठरवी. तिच्याशी सलगी करण्याचा हक्क आपल्याला आहे, असे श्रोत्यांपैकी अनेकांस वाटे. तिकीट काढून आलेल्या श्रोत्याला फक्त गाणे ऐकण्याचा हक्क होता. तो रांगेत बसे, ठरल्या वेळी येई आणि कार्यक्रम संपला की घरी जाई. शेकडो अनोळखी माणसांनी थोडेथोडे पैसे दिल्यामुळे कोणा एकाचे मिंधेपण गायिकेवर राहत नसे. आश्रयाकडून व्यवसायाकडे झालेले हे संक्रमण स्त्री कलावंताच्या दृष्टीने फार मोठे होते.

दुसरा बदल बसण्याच्या रीतीचा. बैठकीच्या गाण्यात हावभाव, अदा व श्रोत्याकडे रोखलेली नजर यांना स्थान होते. हिराबाई पुरुष गवयाप्रमाणे तंबोऱ्याच्या साथीत गादीवर स्थिर बसत. दोन्ही खांद्यांवरून पदर, चेहऱ्यावर शांत भाव, हातवारे जवळजवळ नाहीत. ज्यांना स्त्रीचे गाणे ऐकण्याचा संकोच वाटत होता, अशा श्रोत्यांचे, विशेषतः स्त्रियांचे, मन या रीतीने निश्चिंत केले. मैफलीला आता नवराबायको जोडीने येऊ शकत होते.

तिसरे साहाय्य तंत्रज्ञानाचे. १९२५ नंतर विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण होऊ लागले आणि सूक्ष्मध्वनिग्राहकामुळे मृदू आवाजही स्पष्ट उमटू लागला. मुंबईत १९२७ मध्ये नभोवाणी केंद्र सुरू झाले. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत. एवढ्या वेळात रागाचे स्वरूप आणि गीताचा आशय दोन्ही पोहोचविणे ही अवघड गोष्ट होती. हिराबाईंच्या तबकड्यांनी ती साधली. ज्या घरांत गाणाऱ्या स्त्रीला पाऊल टाकू दिले नसते, त्या घरांत तिचा आवाज दिवाणखान्यातील यंत्रातून पोहोचला.

नाट्यशाखेचा प्रयोग

ताराबाईंनी मुलांच्या साहाय्याने पुण्यात नूतन संगीत विद्यालय चालविले आणि १९२९ मध्ये त्याची नाट्यशाखा सुरू केली. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच कराव्यात, हा तिचा विशेष. बालगंधर्व स्त्रीभूमिकांत कीर्तीच्या शिखरावर असण्याचा तो काळ. मराठी रंगभूमीवरील सौंदर्याची व शालीनतेची कल्पनाच त्यांच्या भूमिकांवर बेतलेली होती. अशा वेळी भावंडांनी मिळून ‘सौभद्र’सारखे नाटक रंगविणे हे धाडस होते. ‘आंधळ्यांची शाळा’ या १९३३ मधील नाटकाच्या संदर्भात स्त्रीभूमिका स्त्रियांनी करण्याचा उल्लेख इतिहासग्रंथांत ठळकपणे येतो. त्याच्या चार वर्षे आधीच्या या प्रयोगाचीही तितकीच नोंद घेतली पाहिजे.

व्यवहाराच्या दृष्टीने ही कंपनी टिकली नाही. बोलपट आल्यानंतर मोठमोठ्या नाटक मंडळ्या डबघाईस आल्या, तेथे या कौटुंबिक संस्थेचा निभाव लागणे कठीणच होते. कर्ज झाले आणि ते फेडण्याचा भार मुख्यतः हिराबाईंच्या मैफलींवर पडला. त्यांच्या अविश्रांत दौऱ्यांमागे कलेची ओढ होती, तशी कुटुंबाची जबाबदारीही होती. गाणे हा त्यांच्यासाठी छंद नव्हता, घर चालविण्याचे साधन होते, ही बाब गौरवपर लेखनात बहुधा मागे पडते.

भजनाचे स्थान

हिराबाईंच्या मैफलीत ख्याल हा गाभा असे. त्यानंतर ठुमरी, नाट्यपद, भावगीत आणि भजन यांना स्थान मिळे. या मांडणीतील भजनाचा विचार वेगळा करावयास हवा.

महाराष्ट्रात भक्तिगीत हा सर्वांच्या मालकीचा ठेवा आहे. वारकरी परंपरेत मुक्ताबाई, जनाबाई यांची रचना स्त्री-पुरुष सारख्याच आदराने गातात. गणिकेच्या पोटी जन्मलेल्या कान्होपात्रेला पंढरपुरात संतपद मिळाले आणि १९३१ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने तिच्यावरील नाटक रंगभूमीवर आणले. गाणारी स्त्री ज्या जन्मामुळे समाजाला परकी वाटत होती, त्याच जन्माच्या स्त्रीला भक्तीने आपली मानले होते. १९३६ मध्ये प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ गाजला आणि संतकथा हा बोलपटांचाही आवडता विषय झाला. हिराबाईंनीही ‘जनाबाई’ या चित्रपटात काम केले.

या पार्श्वभूमीवर भजनाने तीन गोष्टी साधल्या, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते. पहिली, ख्यालाच्या स्वरविस्ताराशी अपरिचित असलेल्या श्रोत्याला ओळखीची जागा मिळाली. कीर्तन-भजनात वाढलेला माणूस रागदारीपाशी या वाटेने येऊ शकत होता. दुसरी, गायिकेच्या तोंडी येणारे शब्द बदलले. शृंगारपर ठुमरीतील ‘मी’ ऐकणाऱ्याच्या दृष्टीने गायिकेला चिकटत असे. भजनातील ‘मी’ भक्ताचा असतो आणि तो श्रोत्याचाही असतो. तिसरी, मैफलीचा शेवट सामूहिक भावनेत होऊ लागला. तिकीट काढून आलेली अनोळखी माणसे उठताना एका अनुभवाची भागीदार होत.

पलुस्करांनीही भजनाच्या आधाराने संगीताला समाजमान्यता मिळवून दिली होती. मात्र त्यांच्या कार्याचा रोख विद्यालय व प्रार्थना यांकडे होता. हिराबाईंनी भजनाला व्यावसायिक मैफलीत बसविले आणि तेथे ते शास्त्रीय बैठकीचा डौल न सोडता गायिले.

एक तुलना : अमेरिकेतील गॉस्पेल गायिका

भक्तिगीत गाणाऱ्या स्त्रीने प्रतिष्ठेचा प्रश्न सोडविण्याची ही प्रक्रिया केवळ महाराष्ट्रापुरती नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात त्याच सुमारास गॉस्पेल हा ख्रिस्ती भक्तिगीताचा नवा प्रकार उदयास येत होता. ब्लूज या लौकिक गाण्याच्या वळणाची स्वररचना आणि ईश्वरस्तुतीचे शब्द असा त्याचा घाट थॉमस डॉर्सी यांनी रूढ केला. महालिया जॅक्सन (१९११–१९७२) या त्याच्या सर्वांत विख्यात गायिका. न्यू ऑर्लिन्समधील गरीब वस्तीतून त्या शिकागोला आल्या, १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायिल्या आणि १९६३ मध्ये वॉशिंग्टन येथील नागरी हक्कांच्या विराट मोर्चापुढेही गायिल्या. १९७१ मध्ये त्यांनी भारताचा दौरा केला होता.

महालिया यांनी लौकिक गाणी व रात्रीच्या मद्यगृहांतील कार्यक्रम कटाक्षाने नाकारले. त्यांच्या समकालीन सिस्टर रोझेटा थार्प (१९१५–१९७३) यांनी १९३८ पासून तीच भक्तिगीते गिटारच्या साथीने रात्रीच्या रंगमंचावर नेली आणि चर्चमधील अनेकांचा रोष ओढवून घेतला. पावित्र्य राखावयाचे तर गाण्याचा प्रकार व जागा दोन्ही मर्यादित ठेवावी लागत होती. मर्यादा ओलांडली तर आपल्याच माणसांची नाराजी पत्करावी लागत होती.

हिराबाईंनी यांपैकी कोणताही मार्ग स्वीकारला नाही. त्यांनी ठुमरी सोडली नाही, नाट्यपद सोडले नाही, चित्रपटही वर्ज्य मानला नाही. हे सर्व गीतप्रकार त्यांनी एकाच संयत रीतीने गायिले. भक्तिसंगीत व लौकिक संगीत यांच्यामध्ये आपल्याकडे चर्चसारखी ठाम भिंत नव्हती, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की, महालिया यांना वंशभेदाशी झुंजावे लागत होते आणि चर्च हाच त्यांच्या समाजाचा आधार होता. हिराबाईंपुढील अडथळा आपल्याच समाजातील सोवळेपणाचा होता. म्हणून त्यांना गाण्याचा प्रकार बदलण्यापेक्षा गाण्याची चौकट बदलणे अधिक गरजेचे होते.

सन्मान आणि त्याची किंमत

स्वातंत्र्यप्राप्तीच्या सोहळ्यात दिल्लीत ‘वंदे मातरम्’ गाण्याचा मान हिराबाईंना मिळाल्याचा उल्लेख त्यांच्या चरित्रांत येतो. १९६५ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, तर १९७० मध्ये भारत सरकारने पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला. पुण्यात १९५३ मध्ये सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवात गुरुघराण्यातील ज्येष्ठ म्हणून त्यांना आदराचे स्थान होते. भगिनी सरस्वती राणे यांच्यासमवेत केलेल्या सहगायनाने दोन स्त्रियांच्या जुगलबंदीची प्रथा रूढ होण्यास हातभार लावला. डॉ. प्रभा अत्रे (१९३२–२०२४) यांच्यासारख्या शिष्येने ही परंपरा पुढे नेली. नोव्हेंबर १९८९ मध्ये हिराबाईंचे निधन झाले.

या यशाची दुसरी बाजू पाहिल्याशिवाय अभ्यास पूर्ण होणार नाही. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर माहिती व नभोवाणी खाते सरदार वल्लभभाई पटेल यांच्याकडे असताना, ज्यांचे खासगी जीवन लोकनिंदेचा विषय आहे अशा कलावंतांना आकाशवाणीवर मज्जाव करण्याचे धोरण आले. त्याचा फटका प्रामुख्याने पारंपरिक गायिकांना बसला. उत्तरेत तर नावामागचे ‘बाई’ हे पददेखील अडचणीचे ठरले. १९४५ मध्ये विवाह झालेल्या अख्तरीबाई फैजाबादी पुढे बेगम अख्तर म्हणून ओळखल्या गेल्या. महाराष्ट्रात ‘बाई’ हे पद रमाबाई, लक्ष्मीबाई अशा सर्वच स्त्रियांच्या नावात असल्याने हिराबाईंना ते बदलावे लागले नाही, इतकेच.

याचा अर्थ असा की, हिराबाईंनी रूढ केलेली शालीन रीत ही पुढे एक कसोटी बनली. पदर, स्थिरता, भजन यांनी एका पिढीसाठी दार उघडले. परंतु ज्यांच्या गाण्यात अदा होती, ज्यांचे घर दिवाणखान्यातच होते, त्या स्त्रियांना त्याच कसोटीवर नापास ठरविण्यात आले. ठुमरी व लावणीची बैठक, त्यांतील अभिनय आणि तो जोपासणाऱ्या अनेक स्त्रियांची नावे इतिहासातून पुसली गेली. याचा दोष हिराबाईंकडे जात नाही. त्यांनी स्वतःपुरता व आपल्या बहिणींपुरता मार्ग काढला होता. त्याचा नियम समाजाने केला. त्या स्वतःही समाजमान्य विवाहाच्या चौकटीबाहेरील घरातून आल्या होत्या आणि थोड्या वेगळ्या परिस्थितीत नापासांच्या यादीत त्यांचेही नाव असते, हे विसरता येणार नाही.

निष्कर्ष

१. हिराबाई बडोदेकर यांच्या कारकिर्दीत स्त्रीचे शास्त्रीय गायन आश्रयदात्याच्या बैठकीतून तिकीट लावलेल्या सभागृहात स्थिरावले. हा बदल कलात्मक होता, तसाच आर्थिक व सामाजिकही होता.

२. या बदलामागे ताराबाई माने यांचे निर्णय, किराणा घराण्याची तालीम, ग्रामोफोन व नभोवाणी आणि भावंडांचे सहकार्य अशी अनेक कारणे एकत्र आली होती. एकट्या प्रतिभेचा चमत्कार म्हणून त्याकडे पाहणे अपुरे ठरेल.

३. भजनाने कुटुंबवत्सल श्रोता आणि रागदारी संगीत यांच्यात दुवा साधला व गाणाऱ्या स्त्रीला समाजाने आपली मानण्यास साहाय्य केले.

४. गॉस्पेल गायिकांना पावित्र्य व लौकिक रंगमंच यांपैकी एकाची निवड करावी लागली. हिराबाईंनी दोन्ही एकाच मैफलीत नांदविले.

५. या प्रक्रियेतून निर्माण झालेल्या प्रतिष्ठेच्या निकषांनी अनेक पारंपरिक गायिकांना बाहेर ठेवले. त्यांचा इतिहास लिहिणे अद्याप बाकी आहे.

आज वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात एखादी महाविद्यालयीन तरुणी गावयास बसते, तेव्हा तिच्या घराण्याची चौकशी झाली तरी ती किराणा की जयपूर एवढ्यापुरतीच होते. शंभर वर्षांपूर्वी ‘घराणे’ या शब्दाचा रोख निराळा असे. या शब्दाचा अर्थ बदलण्यात एका चंपूताईचा किती मोठा वाटा आहे, हे संगीताच्या विद्यार्थ्यांइतकेच इतिहासाच्या विद्यार्थ्यांनाही शिकविले गेले पाहिजे.